बिनपंख्याचा लॅपटॉप

१

लॅपटॉप कधी बदलावा यावर आमच्या घरात दीड वर्ष चर्चा चालू होती. म्हणजे चर्चा नवरा आणि नणंद करत होते, मी फक्त त्या लॅपटॉपवर काम करत होते.

मी ऑडिओबुकं करते. वाचणारा वाचतो, मी रेकॉर्ड करते. मग अडखळलेलं कापायचं, खोकले पुसायचे, पानं उलटल्याची खसखस काढायची आणि पुस्तक स्वच्छ करून प्रकाशकाकडे पाठवायचं. स्टुडिओ घरातच आहे. स्वयंपाकघराला लागून अडगळीची खोली होती, ती रिकामी केली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आणि दाराला वहीएवढी काच बसवली. आत एक टेबल, खुर्ची, माइक आणि दिवा. बाहेर दाराला लागून माझं टेबल आणि त्यावर लॅपटॉप.

लॅपटॉपला सहा वर्षं झाली होती आणि त्याचा पंखा मिक्सरसारखा ओरडायचा. आत माइकपर्यंत तो आवाज पोचत नसे, पण माझ्या कानांत मात्र हेडफोन लावूनही घुसायचा. नवरा पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक आहे. सकाळची पाळी संपवून दहाच्या सुमारास घरी आला की दारातूनच विचारायचा, "विमान उतरलं का?"

सासरी सगळ्यांचे लॅपटॉप एकाच कंपनीचे. सासऱ्यांनी पहिला घेतला आणि मग तो आडनावासारखा पुढे चालू राहिला. मी लग्न होऊन आले, मलाही तोच चिकटला. दुसऱ्या कंपनीचं नाव काढलं की एरवी दिवसभर थट्टा करणारा हा माणूस एकदम गंभीर व्हायचा. "बोटांना सवय असते गं. उगाच नसती आफत होईल." नणंद स्वतः कॉम्प्युटरवाली, तिचं दुसरंच. "वहिनी, घ्या ना, पण आत्ता नको. दोन महिन्यांत नवं मॉडेल येतंय." ते दोन महिने कधी संपलेच नाहीत. नवं मॉडेल यायचं, तोवर त्याच्या पुढचं दोन महिन्यांवर येऊन उभं असायचं.

शेवटी निर्णय लॅपटॉपनेच घेतला. मास्तर वाचत असताना ऐन प्रकरणात तो तापून बंद पडला. एकदा नाही, सकाळभरात तीनदा.

मास्तर म्हणजे माझे सगळ्यांत जुने वाचक. निवृत्त भूगोल शिक्षक, वय बहात्तर, मुलगी लांब दुसऱ्या शहरात, घरी एकटेच. सहा वर्षांत त्यांनी माझ्यासाठी अकरा पुस्तकं वाचली होती. आता स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांवरचं एक जाडजूड पुस्तक चालू होतं आणि शेवटची नऊ प्रकरणं उरली होती. तिसऱ्यांदा लॅपटॉप बंद पडला तेव्हा ते खोलीतून बाहेर आले, घाम पुसला आणि म्हणाले, "बाई, हे पक्षी पोचतील, पण तुमचं यंत्र काही पोचत नाही."

त्याच दुपारी मी दुकानात गेले आणि दुसऱ्या कंपनीचा लॅपटॉप उचलून आणला. विक्रेता म्हणाला, "यात पंखाच नाही, मॅडम. दहा दिवस वापरा. नाही पटला तर परत आणा." नवऱ्याने खोक्याकडे पाहिलं आणि मी घरात परकं माणूस आणल्यासारखा चेहरा केला.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा लॅपटॉप उघडला, आणि काय सांगू, मला रडूच यायचं बाकी होतं. काहीच आवाज नाही. सहा वर्षं कानाशी घोंघावणारं जे होतं ते गेलं, आणि घड्याळ, नळाचा थेंब, वरच्या मजल्यावरची खुर्ची असं सगळं ऐकू यायला लागलं. मी उगाचच दहा मिनिटं नुसती बसून राहिले.

त्रास एकच होता. खाली डाव्या कोपऱ्यातल्या दोन कळांची जागा या कंपनीने बदलून ठेवलेली. बोटं जुन्या जागी जायची आणि भलतंच काहीतरी व्हायचं. नवऱ्याला हे कळू दिलं नाही.

अकराला मास्तर आले. आमच्याकडे वाचायच्या आधी एक मिनिट शांतता घ्यायची पद्धत आहे. वाचणारा आत बसतो, दार बंद, माइक चालू, आणि एक मिनिट काही बोलायचं नाही, हलायचं नाही. त्या दिवसाची, त्या खोलीची शांतता अशी रेकॉर्ड करून ठेवायची. नंतर कापाकापीत जिथे भोकं पडतात तिथे ती ठिगळासारखी लावायची. कारण प्रत्येक शांततेचा पोत निराळा असतो, आणि परक्या दिवसाची लावली तर कानाला टोचते. धंद्यात याला रूम टोन म्हणतात. मास्तर याला मौन म्हणायचे आणि डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून मन लावून पाळायचे.

त्या दिवशी मी पहिल्यांदाच त्यांचं मौन नीट ऐकलं. त्यांच्या नाकात एक बारीक शीळ होती, श्वास घेताना वाजणारी. हे मला माहीत नव्हतं. मला गंमत वाटली.

मग शिळेच्या मधल्या जागेत मला दुसरा श्वास ऐकू आला.

तो हळू होता. मास्तर दोनदा घेत तेवढ्यात तो एकदा. त्यात शीळ नव्हती, घाई नव्हती. मी काचेतून पाहिलं. मास्तर डोळे मिटून बसले होते आणि आत दुसरी खुर्चीही नव्हती. मिनिट संपलं, त्यांनी डोळे उघडले, चष्मा लावला आणि पक्षी वाळवंटावरून पुढे निघाले.

३

मी काही लगेच घाबरणाऱ्यांतली नाही. आवाज हा माझा धंदा आहे आणि प्रत्येक आवाजाला बाप असतो, एवढं मला कळतं.

पहिला संशय स्वतःवर घेतला. आम्ही लोक एक चूक हमखास करतो. आदल्या दिवशीच्या शांततेचं ठिगळ नव्या फाइलवर राहून जातं आणि मग एकाच वेळी दोन दिवस ऐकू येतात. तपासलं. फाइल कोरी होती, त्या दिवसाचीच. मग हेडफोन बदलला, मग तीच फाइल फोनवर लावली. शीळवाला श्वास आणि बिनशिळेचा श्वास, दोघेही तसेच.

नवरा जेवत होता, त्याच्या कानाला हेडफोन लावला. श्वास हा त्याचा विषय. त्याने घास थांबवून ऐकलं.

"दोन आहेत," तो म्हणाला.

"आत एकच माणूस होता."

"मग एक नाकाचा आणि एक तोंडाचा."

"एकाच वेळी?"

"म्हातारी माणसं काहीही करतात," असं म्हणून त्याने पुढचा घास घेतला. मग मात्र माझ्याकडे जरा निरखून पाहत म्हणाला, "लॅपटॉपचाच काहीतरी दोष असेल. तरी सांगत होतो, आपली कंपनी सोडू नकोस."

तो विचार मला पटला. पटवून घ्यायचाच होता. दुसऱ्या दिवशी मी जुनी डिस्क काढली आणि आमच्या बाकीच्या वाचकांच्या शांतता नव्या लॅपटॉपवर ऐकल्या. एक नाटकात काम करणारी बाई आहे, एक निवृत्त परिचारिका आहे, एक बँकेतला माणूस आहे. सगळ्यांच्या मौनात एकेकच श्वास. म्हणजे लॅपटॉप निर्दोष होता, आणि हे कळल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही.

मग मास्तरांच्या सहा वर्षांच्या शांतता उघडल्या. प्रत्येकीत दोन होते.

पहिल्या वर्षाच्या फाइलींमध्ये तो दुसरा इतका लांब होता की माहीत नसतं तर मी त्याला दाराच्या फटीतली हवा समजले असते. तिसऱ्या वर्षी तो खोलीत होता. या वर्षीच्या फाइलींमध्ये तो टेबलाच्या पलीकडे होता. कालच्या मिनिटात तो मास्तरांच्या खांद्याशी होता. आवाज किती अंतरावर आहे हे मला वीतभर इकडेतिकडे सांगता येतं, त्याबाबतीत माझे कान कधी फसत नाहीत. पंख्याच्या गोंगाटात सहा वर्षं मी तो ऐकलाच नव्हता आणि तो एकेक पाऊल पुढे येत होता.

मास्तरांना सांगायचं तरी काय? बहात्तर वर्षांच्या एकट्या माणसाला फोन करून, तुमच्यामागे कोणीतरी उभं असतं, असं सांगणार?

४

सहाव्या दिवशी मी ठरवलं की याला पुसून टाकायचं. तोच तर माझा उद्योग होता.

आमच्या प्रोग्रॅमला एखादा आवाज दाखवायचा, की तो त्याची ओळख पटवून घेतो. मग दोन वाटा असतात. एक कळ दाबली तर तेवढा आवाज पुसला जातो. तिच्या शेजारची दाबली तर उलट, तेवढाच राहतो आणि बाकी सगळं जातं. मी त्या दिवशीच्या मौनातला दुसरा श्वास निवडला, प्रोग्रॅमला दाखवला, आणि बोटांनी सहा वर्षांच्या सवयीने कळ दाबली. पाठोपाठ सेव्हही केलं, तेही सवयीनेच. प्रत काढून ठेवायची राहिली होती.

हेडफोन लावला. खोलीत आता एकच श्वास होता. जीव भांड्यात पडला. मी खुर्चीत मागे रेलले आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

पाचव्या की सहाव्या श्वासाला लक्षात आलं की यात शीळ नाही.

डाव्या कोपऱ्यातल्या त्या दोन कळा. मी मास्तरांना पुसलं होतं आणि त्याला ठेवलं होतं. बिनशिळेचा श्वास सावकाश येत होता आणि जात होता, आणि आता मधे दुसरं काहीच नसल्यामुळे तो माझ्या अगदी कानापाशी वाटत होता. मी केलेलं मागे फिरवायचा प्रयत्न केला, पण सेव्ह झालेलं परत आलं नाही. मी लॅपटॉपचं झाकण लावून टाकलं.

माझी अक्कल मला समजावत होती की एका मिनिटाची फाइल बिघडली आहे, बाकी काही झालेलं नाही. अकलेचं ऐकत ऐकतच मी मास्तरांना फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. मी चपला घालून दारापर्यंत गेले होते, तेवढ्यात त्यांनी उचलला.

"बोला, बाई."

"मास्तर, बरे आहात ना?"

"हो, हो. जरा..." ते थांबले. मी त्या थांबण्यात शीळ शोधत होते. "जरा दम लागतोय. आज काय झालंय कोण जाणे, जिना चढताना मधेच बसावं लागलं."

"डॉक्टरांकडे जा. आजच जा."

"अहो, जिना चढून दम लागला म्हणून कोणी डॉक्टरकडे जातं का?" ते हसले. "तुम्ही का फोन केलात?"

उद्या अकरालाच या, एवढंच मी बोलले. फोन ठेवल्यावर मला स्वतःची इतकी चीड आली की स्वयंपाकघरात जाऊन मी नळ जोरात सोडला आणि त्या आवाजात उभी राहिले.

५

नवव्या दिवसापर्यंत माझं ठरलं होतं. दहाव्या दिवशी लॅपटॉप परत द्यायचा. नवऱ्याला सांगितलं की कळा जमत नाहीत. तो जिंकल्यासारखा हसला, पण त्याने खोकं माळ्यावरून काढून दिलं आणि एका शब्दाने चिडवलं नाही. त्याला काहीतरी कळलं असावं.

मला पुन्हा तो पंखा हवा होता. गोंगाट हवा होता. जे ऐकायची गरज नाही ते न ऐकता मी सहा वर्षं सुखात होते. म्हणून त्या सकाळी मी जुनाच लॅपटॉप टेबलावर मांडला. मास्तर आले, चेहरा ओढलेला होता, पण शर्ट इस्त्रीचा. आत जाऊन बसले. मी जुना लॅपटॉप सुरू केला, तो ओरडायला लागला, आणि चार मिनिटांत तापून बंद पडला. दोनदा.

आतून मास्तरांनी काचेकडे पाहून खुणावलं. माइकमधून त्यांचा आवाज आला असता, पण यंत्रच मेलेलं होतं. ते उठून दार उघडून म्हणाले, "अहो, नवा आहे ना? मग तो काय पुजायला ठेवलाय? लावा तो."

मला नाही म्हणता आलं नाही. खोक्यातून नवा काढला, वायर जोडली. त्यांनी दार लावून घेतलं, खुर्चीत बसले, डोळे मिटले. मौन सुरू झालं.

मी मुद्दाम काचेकडे पाहत नव्हते. पडद्यावर आवाजाची रेघ सरकत होती आणि मी ऐकत होते. शीळ होती. दुसरा होता, इतका जवळ की दोघांचे श्वास एकमेकांना लागत होते. दहा सेकंद. वीस. माझं सगळं लक्ष शिळेवर होतं, ती वाजली की मला बरं वाटायचं.

एकतिसाव्या सेकंदानंतर ती वाजली नाही.

आणि इथे मी काय केलं ते सांगायला हवं, कारण त्याची मला अजून लाज वाटते. मी लॅपटॉप तपासला. मला वाटलं की त्या दिवशीचीच कळ दाबली गेली, पुन्हा मास्तर पुसले गेले. मी डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं, प्रोग्रॅममध्ये पाहिलं, सगळं बंद होतं. मौल्यवान सेकंद मी यंत्रात शोधत बसले. कानात एकच श्वास चालू होता, हळू, बिनशिळेचा.

मग काचेवर टकटक झाली. दोनदा. आतून.

मी वर पाहिलं. मास्तरांचं डोकं पुस्तकावर पडलं होतं आणि दोन्ही हात खाली लोंबत होते. टेबल काचेपासून चार फूट लांब आहे. काचेवर मात्र आतल्या बाजूने वाफ धरली होती, पंजाएवढी, उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. माझ्या देखत ती आक्रसत गेली, आणि पुसली जाणार एवढ्यात पुन्हा पसरली.

मी दार ओढून उघडलं. आत मास्तर होते, दिवा होता आणि बाकी काही नव्हतं. मी नवऱ्याच्या नावाने अशी किंचाळले की वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले.

६

नवरा आतल्या खोलीत झोपला होता. तो अनवाणी धावत आला, एक नजर टाकली आणि मास्तरांना उचलून स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवं केलं. नंतरचा तो माणूस माझा थट्टेखोर नवरा नव्हताच. छातीवर दोन्ही हात ठेवून तो मोठ्याने आकडे मोजत दाबत होता आणि मला सांगत होता, "अॅम्ब्युलन्स. पत्ता नीट सांग. दार उघडं ठेव." मी सगळं केलं. पत्ता सांगताना स्वतःच्या घराचा नंबर आठवेना, तो वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितला.

त्यांना नेईपर्यंत नवऱ्याने हात थांबवले नाहीत. नंतर तो फरशीवरच बसला आणि त्याचे दंड थरथरत होते. मी त्याच्याशेजारी बसले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदय मधेच थांबलं होतं. अजून दोन-तीन मिनिटं गेली असती, तर आम्हाला काही करता आलं नसतं. तुमच्या लक्षात कसं आलं?"

"शांतता घेत होतो," मी म्हटलं. त्यांना ते कळलं नसावं, पण त्यांनी मान हलवली.

दहावा दिवस दवाखान्यातच गेला. मास्तरांची मुलगी पहिल्या गाडीने आली, माझे दोन्ही हात धरून बराच वेळ रडली आणि मग माझ्याकडून डबा घेऊन जेवली. दुकानातून फोन आला, मॅडम, आज शेवटचा दिवस, परत करणार का? मी म्हटलं, नंतर बोलते.

संध्याकाळी मास्तरांना भेटू दिलं. नळ्या होत्या, चेहरा पांढरा होता, पण डोळे जागे होते. मी खाली वाकले तेव्हा त्यांच्या नाकातली शीळ ऐकू आली आणि मला एवढं बरं वाटलं की तिथल्या तिथे डोळे भरून आले.

"मिनिट पुरं झालं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्ही मधेच उठलात."

"मग पुन्हा घ्यावं लागेल." ते जरा हसले. मला राहवेना.

"मास्तर, आत बसल्यावर कधी काही जाणवायचं का? म्हणजे, तुमच्याबरोबर आणखी..."

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "कोणीतरी ऐकतंय असं वाटायचं. मला बरं वाटायचं ते. नाहीतर एवढी जाड पुस्तकं भिंतीला कोण वाचून दाखवेल, बाई?"

एवढंच ते बोलले. परिचारिका आली आणि वेळ संपली म्हणाली.

७

त्या सकाळचं रेकॉर्डिंग मी फक्त एकदा ऐकलं. गडबडीत ते बंद करायचं राहिलं होतं, दोन तासांची फाइल तयार झाली होती. एकतिसाव्या सेकंदाला शीळ थांबते. दुसरा श्वास चालू राहतो. मग तो माइकपासून दूर जातो, दाराकडे, आणि टकटक होते. पुढे माझी किंकाळी. मास्तरांना बाहेर नेल्यावर मात्र उरलेला सगळा वेळ रिकाम्या खोलीत कुणाचाच श्वास नाही.

नवऱ्यालाही ऐकवलं. पूर्ण मिनिट त्याने हेडफोन दोन्ही हातांनी कानाशी धरून ठेवला होता. मग काढला, टेबलावर नीट ठेवला, आणि उठून लॅपटॉपचं रिकामं खोकं पाय देऊन चपटं केलं.

"परत करू नकोस," तो म्हणाला. कंपनीचं नाव त्याने त्यानंतर घरात कधी काढलेलं नाही. नणंदेने फोनवर सांगितलं की खरंच दोन महिन्यांत नवं मॉडेल येतंय, तेव्हा त्यानेच तिला, "येऊ दे," एवढं म्हणून विषय बदलला.

अडीच महिन्यांनी मास्तर आले. काठी नवी, शर्ट इस्त्रीचाच, अंगात मात्र सैल. मुलगी सोबत होती, तिला मी स्वयंपाकघरात बसवलं. नवरा सुट्टी घेऊन घरीच होता आणि काही काम नसताना आजूबाजूला घुटमळत होता. खोलीचं दार मी बंद केलं, पण कडी काढून टाकलेली होती.

"मौन," मास्तर आतून म्हणाले आणि डोळे मिटले.

मी हेडफोन दाबून धरला. शीळ होती, बारीक पण सरळ. मी दुसऱ्याची वाट पाहायला लागले. दहा सेकंद झाले, तो नव्हता. वीस झाले. अडीच महिन्यांपूर्वी मी ज्याला पुसायला निघाले होते तो यावा म्हणून मी आता देव पाण्यात घालून बसले होते. शीळ एकटीच येत होती, जात होती. एकतिसावा सेकंद आला आणि गेला, शीळ चालूच राहिली. चाळीस. पन्नास.

पन्नासाच्या पुढे तो आला. मास्तरांच्या खांद्याशी नव्हता, टेबलाशीही नव्हता. लांब होता, पहिल्या वर्षी होता तितका लांब, पार दारापाशी. मास्तरांना अजून पुष्कळ वेळ आहे, असं मला अगदी आतून वाटलं, आणि खांद्यांवरचं अडीच महिन्यांचं ओझं एकदम उतरलं. मी मोठा श्वास सोडला.

मग लक्षात आलं की दाराच्या या बाजूला, हाताच्या अंतरावर, माझीच खुर्ची आहे.

आत मास्तरांनी डोळे उघडले आणि काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची जराशी सरकवली, शेजारी एका माणसापुरती जागा केली, आणि बटण दाबून त्यांना सांगितलं, "झालं मिनिट, मास्तर. करा सुरू."